पाकिटावर काय लिहायचं

आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत हवेतलं पाणी शोषून घेणारं एक यंत्र आहे. मे महिन्यात त्याच्याकडे कुणी बघतही नाही. जुलैत मात्र त्याच्या टाकीतून दिवसाला दोन बादल्या पाणी निघतं आणि आई ते मागीलदारच्या अबोलीला घालते. गोव्यातल्या फोंड्याचा पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. कपाटातल्या चपलांवर हिरवी बुरशी येते, मिठाला पाणी सुटतं, देवासमोर दिवा लावताना काडी पाच-पाचदा ओढावी लागते. अशा गावात आमचं घर तीन पिढ्या चहा विकतंय.

कारखान्यातून निघतो तेव्हा चहात जेमतेम तीन टक्के ओल असते. उघड्यावर ठेवला की तो हवेतलं पाणी पिऊ लागतो, आणि पाण्याबरोबर शेजारचे वासही. उदबत्ती, साबण, सुके बांगडे, काहीही त्याला वर्ज्य नाही. म्हणून नवं खोकं फोडलं की आई आधी एक पान उचलते, अंगठा आणि तर्जनीत धरते आणि मोडते. कट् असा आवाज झाला तर खोकं पुढच्या टेबलावर जातं. पान वाकलं, नुसतं दुमडलं, तर ती काही न बोलता झाकण लावून खोकं बाजूला सारते. नाकाने हुंगणं, कपात चाखणं हे सगळं नंतर. आधी तो आवाज.

दुकान आजोने काढलं, १९६३ साली, वरच्या बाजारात. गोवा मुक्त होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. बेळगावच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून अनमोड घाटातून पेट्या यायच्या. सगळा सीटीसी चहा, म्हणजे दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळून केलेले बारीक काळे दाणे. दुधात उकळायला तोच लागतो. पाण्यात पडल्या पडल्या रंग सोडतो, कडक होतो, आणि किलोमागे कितीतरी जास्त कप देतो. आजोही तो मनापासून प्यायचा, भजी-पावाबरोबर, बशीत ओतून. तेव्हाच्या काट्याची पितळी पारडी अजून आमच्याकडे आहेत.

पावसाळ्याआधी गोव्यात पुरुमेंत भरायची रीत. मिरच्या, सोलां, सुकी मासळी, मीठ, तांदूळ, सगळं चार महिन्यांचं घरात यायचं आणि त्याबरोबर चहाचीही यादी यायची, दोन किलो, तीन किलो. व्यापाऱ्याला यापेक्षा चांगले दिवस कोणते? पण आजो चार महिन्यांचा चहा देतच नसे. महिन्यापुरता घ्या, संपला की परत या, पावसात यायला जमत नसेल तर मुलगा आणून देईल, असं सांगायचा. तो मुलगा म्हणजे माझे बाबा. सायकलच्या हँडलला पिशव्या अडकवून, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन ते कवळ्यापासून म्हार्दोळपर्यंत पावभर चहा पोचवायला जायचे. लोक आजोशी वाद घालत. बंद डब्यात ठेवतो म्हणत. आजोचं एकच उत्तर असायचं, ‘‘पोरणी ती पोरणी.’’ जुनी ती जुनी. डबा कितीही घट्ट असला तरी.

दुधाशिवायचा, पानांचा चहा घरात आणला तो बाबांनी. १९९६ साली एका नातेवाइकाबरोबर ते कोइम्बतूरला गेले होते, तिथून सहज म्हणून कुन्नूरला चढले. चहाचा लिलाव बघावा एवढाच हेतू. लिलावात बोली नोंदणी केलेल्या खरेदीदारांनाच लावता येते, त्यामुळे ते बाहेरच उभे होते. पण एका दलालाच्या चाखण्याच्या खोलीत त्यांना शिरता आलं. लांबलचक ओटा, त्यावर पन्नासेक पांढऱ्या झाकणाच्या भांड्यांची रांग, प्रत्येकासमोर कोरड्या पानांची एकेक डबी. एक माणूस चमच्याने चहा उचलून सुर्रकन ओढायचा, तोंडात फिरवून थुंकायचा, दोन शब्द उच्चारायचा आणि पुढे सरकायचा. मागून एक मुलगा ते शब्द वहीत उतरवून घेत होता. तीस-पस्तीस वर्षं चहात काढलेल्या बाबांना त्या रांगेतल्या पंचवीस चवी ओळखता आल्या नाहीत. ते हे सांगतात तेव्हा आजही त्यांचा आवाज बदलतो.

परत आले ते अर्धा किलो हिवाळी चहा घेऊन. नीलगिरीत डिसेंबर ते फेब्रुवारी थंडी पडते, झाड सावकाश वाढतं आणि त्या पानांना एक वेगळाच फुलांसारखा वास येतो. घरी सहा पांढरे कप मांडले. अडीच ग्रॅम पानं, उकळतं पाणी, पाच मिनिटं. शेजारच्या काकींनी कपात डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘हिका रंगूच ना गो!’’ आजोने एक घोट घेतला, दुसरा घेतला, कप खाली ठेवला. बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, ही कधीची? बाबांना सांगता आलं नाही. दलालाने सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. पुढच्या खेपेला विचारून ये, एवढंच आजो म्हणाला.

आमची छोटी कंपनी त्या प्रश्नातून उभी राहिली असं मी मानते. आज आम्ही वीसेक प्रकारचा चहा विकतो. नीलगिरी, दार्जिलिंग, थोडा आसाम, थोडा कांगडा. गोव्यातली काही हॉटेलं घेतात, बाकी पाकिटं कुरियरने पुण्या-मुंबईला जातात. घरचे चार आणि बाहेरच्या तीन बायका एवढाच पसारा आहे.

तारखेवरून मी एकदा चुकले आहे, आणि ते इथे लिहायला हवं.

पाकीटबंद खाद्यपदार्थांवर पॅकिंगची तारीख छापायचा नियम आहे. ती कायद्याने पुरते. पण चहाच्या बाबतीत या तारखेला फारसा अर्थ नाही. पान मार्चमध्ये खुडलेलं असेल, खोक्यात दीड वर्ष पडून राहिलेलं असेल, आणि आज मी ते पाकिटात भरलं तर पाकिटावर आजची तारीख येते. एक अक्षरही खोटं नाही आणि गिऱ्हाईक मात्र समजतो की चहा ताजा आहे. दार्जिलिंगच्या पहिल्या तोडीला हे सगळ्यात जास्त लागतं. फर्स्ट फ्लश म्हणजे हिवाळ्यानंतर फुटलेली पहिली पालवी. ती पुष्कळ सुकवतात आणि फारशी आंबू देत नाहीत, म्हणून पान हिरवट राहतं, वास तीव्र असतो आणि तो लवकर उडतो. आसामचा चांगला चहा दोन वर्षं तग धरेल. हा नाही धरत.

२०१४च्या एप्रिलमध्ये नवी तोड यायला उशीर झाला. मागणी येऊन पडली होती. मागच्या वर्षीचं एक खोकं शिल्लक होतं, नीट बंद, पान मोडून बघितलं तर कट् वाजलं. मी पंधरा पाकिटं भरून पाठवून दिली. पॅकिंगची तारीख एप्रिल २०१४. तीन आठवड्यांनी साखळी गावातल्या एका निवृत्त मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. सुंदर, वळणदार मराठी अक्षर. त्यांनी तक्रार केली नव्हती. ‘मागील वर्षी आपल्या चहाला ओल्या काजूच्या बोंडासारखा गंध होता, यंदा तो मिळाला नाही. माझ्या वयामुळे असे होत असावे,’ असं लिहिलं होतं.

ते कार्ड मी दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवलं. त्या माणसाने माझा खोटेपणा स्वतःच्या म्हातारपणावर घेतला होता. शेवटी बाबांना दाखवलं. आजो तोवर जाऊन तीन वर्षं झाली होती. बाबांनी कार्ड वाचलं आणि यादी काढायला सांगितली. पंधराही जणांना मी हाताने पत्रं लिहिली, पैसे परत केले आणि नवी तोड आल्यावर एकेक पाकीट पाठवलं. साखळीला मी स्वतः गेले. मास्तरांनी मला आत बोलावलं, पाटावर बसवलं, तोच जुना चहा करून पाजला आणि पूर्ण कप होईपर्यंत त्या विषयावर एक शब्द काढला नाही.

तेव्हापासून आमच्या पाकिटावर दोन तारखा असतात. पान कधी खुडलं आणि पाकीट कधी भरलं. दुसरीची अक्षरं लहान असतात. यामुळे विक्री वाढली असं म्हणवत नाही. सुरुवातीला उलटंच झालं. आठ महिन्यांपूर्वी खुडलेला चहा बघून हॉटेलवाले विचारायचे, ताजा नाही का? मग बसून समजावायचं की ऑक्टोबरचा चहा ऑक्टोबरातच खुडला जातो, दुसऱ्या दुकानातलाही तेवढाच जुना आहे, फक्त तिथे लिहिलेलं नाही. काहींना पटलं. काही गेले ते गेलेच.

मग २०१७ उजाडलं. त्या वर्षी जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपत येईपर्यंत दार्जिलिंग बंद होतं. गोरखालँडच्या मागणीसाठी पुकारलेला तो बंद १०४ दिवस चालला. दार्जिलिंगच्या नावाने चहा विकायचा अधिकार असलेले मळे सगळे मिळून ८७ आहेत, ते सगळे ठप्प झाले. नेमकी दुसरी तोड हातची गेली. मे-जूनच्या या तोडीत बारीक हिरवे तुडतुडे कोवळ्या पानाचा रस शोषतात, झाड त्या चाव्याला उत्तर म्हणून आतून गंध तयार करतं, आणि पिकल्या द्राक्षांसारखी जी चव लोक दार्जिलिंगच्या नावाने ओळखतात ती या किड्याची देणगी असते. खुडायला माणूस नसल्यामुळे झुडपं माणसाच्या डोक्यावर गेली. तोवर वर्षाला ८० लाख किलोच्या आसपास होणारा चहा त्या वर्षी निम्माही झाला नाही.

तरीही बाजारात दार्जिलिंग होतं. जुलैत एका व्यापाऱ्याचा फोन आला. सेकंड फ्लश आहे, हवा तेवढा आहे, भावही नेहमीपेक्षा कमी. मी नमुना मागवला. चहा खरोखर चांगला होता. बाबांनी चाखला, आईने चाखला. आई म्हणाली, बरी आसा, पण ही तिथली नव्हे. पूर्व नेपाळातलं इलाम दार्जिलिंगला अगदी लागून आहे. तेच डोंगर, तसंच धुकं, बहुतेक ठिकाणी झाडाची जातही तीच. तिथला चहा सीमा ओलांडून येतो आणि बऱ्याचदा त्याचं नाव वाटेत बदलतं. आमच्याकडे चतुर्थीच्या भेटवस्तूंची मोठी मागणी नोंदलेली होती, सव्वाशे डबे, प्रत्येकात एक पुडी दार्जिलिंग. कोकणपट्टीत कुणाला फरक कळला नसता. मलाही बहुधा कळला नसता, हे मी प्रामाणिकपणे लिहिते.

त्या रात्री घरात बोलाचाली झाली. भाऊ म्हणाला, चहा चांगला आहे ना, मग फसवणूक कसली? मला साखळीचं पोस्टकार्ड आठवत होतं. बाबांनी त्या व्यापाऱ्याला फोन करून विचारलं, बिलावर इलाम लिहून द्याल का? तो तयार झाला नाही. आम्ही माल घेतला नाही. सव्वाशे डब्यांत दार्जिलिंगच्या जागी नीलगिरी गेला आणि त्यावर एक चिठ्ठी: ‘यंदा दार्जिलिंगचे मळे बंद आहेत, दुसरी तोड झालेली नाही.’ चाळीस डबे रद्द झाले. गणपतीच्या आदल्या आठवड्यात चाळीस डबे अंगावर येणं म्हणजे काय, हे आमच्यासारख्या छोट्या घराला विचारा.

इलामच्या चहाचा मात्र मला राग नाही, उलट त्याच्याबद्दल वाईट वाटतं. इतका चांगला चहा आणि त्याला स्वतःच्या नावाने बाजारात यायची सोय नाही. दोन वर्षांनी आम्हाला तिथल्या चहाचा सरळ, कागदपत्रांसह मिळणारा पुरवठा सापडला. आता आमच्याकडे इलाम हा वेगळा चहा आहे, पाकिटावर मोठ्या अक्षरांत इलाम. गिऱ्हाइकं विचारतात, हा दार्जिलिंगसारखा आहे का? मी सांगते, हा इलामसारखा आहे.

नाव आणि तारीख लिहून झाली तरी पाकिटावर न मावणारं पुष्कळ उरतं. दार्जिलिंगच्या मळ्यांतली रोजंदारी २०२३ साली २३२ रुपयांवरून २५० झाली. त्या वर्षी आमचं फर्स्ट फ्लशचं ५० ग्रॅमचं पाकीट ४०० रुपयांना होतं. हे दोन आकडे मी एकाच दिवशी, एकाच टेबलावर बसून वाचले आणि मला जेवण गेलं नाही. वाहतूक, कर, डबा, आमचे पगार हे सगळं मी तोंडपाठ सांगू शकते आणि ते खरंच आहे. तरी ती बाई दिवसभर उभ्या चढावर खुडत राहते आणि तिने खुडलेल्यातलं एक पाकीट तिला दिवसाच्या मजुरीत येत नाही. आमच्यासारख्या लहान खरेदीदाराला हे बदलता येत नाही. म्हणून आम्ही जे आमच्या हातात आहे तेच धरून बसलो. भावात घासाघीस करायची नाही आणि पैसे अडकवायचे नाहीत.

नीलगिरीत याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. तिथे एक-दोन एकरांचे शेतकरी ओलं पान कारखान्याला घालतात. त्या पानाचा किमान दर चहा मंडळ दर महिन्याला जाहीर करतं आणि तो तयार चहाला मिळालेल्या भावावरूनच निघतो. साडेचार किलो ओलं पान तेव्हा एक किलो चहा. वर मी शंभर रुपये कमी केले की ते कुठून कमी होतात हे सांगायला हिशेबनीस लागत नाही. या धंद्यात साठ-नव्वद दिवसांची उधारी सर्रास चालते. आम्ही माल पोचल्यापासून आठ दिवसांत पैसे पाठवतो. ही आजोची सवय. बेळगावची मागची पेटी चुकती केल्याशिवाय तो नवी पेटी उतरवून घेत नसे.

आणि घरातला हिशेब? तो मला सगळ्यात उशिरा दिसला.

दुकान बाबांच्या नावावर आहे. आजो गेल्यावर इन्व्हेंतार, म्हणजे वारशाची कायदेशीर वाटणी, झालं, आत्याचा हिस्सा पैशांत चुकता झाला, दुकान बाबांकडे राहिलं. पुढे मी दुकानाच्या वह्या हातात घेतल्या तेव्हा आईच्या नावचं आयकराचं विवरणपत्र बघून चकित झाले. धंद्याच्या नफ्याचा बरोबर अर्धा भाग तिच्या नावावर दाखवलेला. गोव्यात पोर्तुगिजांची १८६७ची नागरी संहिता लागू झाली आणि आपला कौटुंबिक कायदा अजून त्याच मुळावर उभा आहे. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक. म्हणून आयकर कायद्यातही गोव्यासाठी ५अ हे खास कलम होतं, धंद्याचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटून दाखवायचं. आमच्या सीएंनी वर्षानुवर्षं ते बिनचूक केलं होतं. आई दर वर्षी सही करत होती.

मी तिला विचारलं, ‘‘आई, हे अर्धे पैसे तुझे आहेत, ठाऊक आहे तुला?’’ ती पुड्या बांधत होती. म्हणाली, कागदावर असतील. लग्न होऊन आल्यापासून तिने त्या मागच्या खोलीत चहा निवडला, भरला, शिवला, मोडून बघितला. घरखर्चाला पैसे मागून घेतले. कायद्याने अर्धी मालकीण, आणि मास्तरांच्या पत्राच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरातलं एक पाकीट असं होतं ज्यावर लिहिलेलं आत नव्हतं.

हे बाबांना सांगणं कठीण गेलं. ते चिडले नाहीत, दुखावले. मी तिला कधी नाही म्हटलंय का, असं विचारत राहिले. खरोखरच कधी म्हटलं नव्हतं. पण तिला मागावं लागत होतं, एवढंच मी परत परत म्हणत होते. साताठ महिने गेले. मग एक दिवस ते स्वतः तिला बँकेत घेऊन गेले. आता दर तिमाहीला नफ्याचा अर्धा भाग तिच्या खात्यात जातो. पहिल्या तिमाहीचे पैसे तिने वर्षभर काढलेच नाहीत. नंतर एके दिवशी आम्हाला न विचारता ते हवेतलं पाणी शोषणारं यंत्र घेऊन आली. बाबा त्याच्या किमतीवरून तोवर दोन पावसाळे घुटमळत होते.

आमच्याकडे प्रत्येक खोक्याची एक वही असते. कुठला मळा, कधी खुडला, कधी पोचला, कुणी बघितला. पूर्वी शेवटच्या रकान्यात बाबांची सही असायची. गेल्या जुलैत, धो धो पावसात, नीलगिरीची दोन खोकी आली. एकाचा कोपरा प्रवासात दबून पट्टी सुटली होती. बाबांनी चहा हुंगला, चांगला आहे म्हणाले. माझीही तीच समजूत झाली. आईने कडेचं एक पान उचललं, मोडलं. आवाज आला नाही. मधलं घेतलं. ते वाजलं. मग तिने खोलीतला पंखा बंद केला, बाहेरच्या पावसाचा आवाज कमी व्हावा म्हणून दार लोटलं, आणि कोपऱ्यापासून मध्यापर्यंत ओळीने पानं मोडत गेली. आम्ही दोघं उभे होतो. सातव्या पानापासून आवाज येऊ लागला. तिने तिथे बोट ठेवलं, इथून पलीकडचा घ्या म्हणाली, अलीकडचा वेगळ्या पिशवीत काढला आणि वहीत लिहिलं, ‘खोकं दुसरं. कोपरा नरम. दीड किलो घरी प्यायला.’ खाली सही केली.